सामुद्रधुनीची जकात

बाल्टिक समुद्राच्या काठचे धान्य, इमारती लाकूड, दोरखंडांचा वाख आणि गलबतांच्या फळ्यांना फासावयाचे डांबर यांवाचून ज्या काळी हॉलंडचे व इंग्लंडचे दर्यावर्दी हतबल झाले असते, त्या काळी हा सारा माल पश्चिमेकडे यावयाचा तर त्याला डेन्मार्कच्या बेटांमधूनच वाट काढावी लागे. आणि त्या वाटांपैकी सर्वांत जवळची व रुळलेली जी ओरेसुंडची सामुद्रधुनी, तिची हेल्सिंगोर गावाजवळची रुंदी अवघी चार किलोमीटर असल्यामुळे, काठावर एक किल्ला, त्याच्या तटावर तोफा आणि तटाखाली वही उघडून बसलेला कारकून एवढ्या सरंजामावर डेनिश राजांनी सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ अर्ध्या युरोपकडून जकात वसूल केली. त्या नाक्यापासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर दक्षिणेस, त्याच सामुद्रधुनीच्या काठी, राजधानी कोपनहेगन उभी आहे. बिशप आब्सालोन याने ११६७ च्या सुमारास हेरिंग माशांच्या पेठेपाशी एका लहानशा बेटावर किल्ला बांधला तेव्हापासून तिचा इतिहास मोजतात, आणि त्या किल्ल्याच्या चौथऱ्यावरच आज डेन्मार्कची संसद भरते.

माझ्या दोन वयोवृद्ध स्नेह्यांचे या नगरीविषयी कधीच एकमत होत नाही. नाना मुंबईच्या सागरी जकात खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले. भाऊसाहेबांनी नगररचनेचे अध्यापन केलेले. भाऊसाहेबांची कन्या नोकरीनिमित्त कोपनहेगनला स्थायिक असल्यामुळे दोघांचा एक उन्हाळा त्या शहरात गेला, आणि तेव्हापासून या विषयाला वाचा फुटली नाही अशी बैठक क्वचितच झाली असेल. त्यांच्या संभाषणाचा हा गोषवारा मी लिहून काढला आहे. माझी सहानुभूती कोणाकडे झुकते ते वाचकास दिसेलच; ते झाकण्याचा खटाटोप मी केलेला नाही.

नाना : बंदर म्हणजे काय, भाऊसाहेब? जेथे माल चढतो आणि उतरतो, बोजे मोजले जातात, कागद रुजू होतात, आणि तपासनिसाला एखादे खोके फोडून पाहावेसे वाटते, ते बंदर. इस्लंड्स ब्रुगेच्या धक्क्यावर मी काय पाहिले? मालगाडीच्या रुळांशेजारी हिरवळ, हिरवळीवर लोळणारी माणसे, आणि पाण्यात सूर मारणारी पोरे. सोयाबीनच्या जुन्या कारखान्याची दोन गोल कोठारे तेथे आहेत. त्यांच्या बाहेरच्या अंगाला सदनिका लटकवून आत नुसती पोकळी राखली आहे. लोक तिचे कौतुक करतात. मला मात्र ज्या कोठारात दाणा नाही त्याचे कौतुक करता येत नाही.

भाऊसाहेब : दाणा शहराच्या मधोमध उतरलाच पाहिजे असा हट्ट का? माल नाहीसा झालेला नाही, नाना. तो उत्तरेकडे नोर्डहाउनच्या बाहेरच्या टोकाला सरकला आहे, आणि समोरच्या काठावरील स्वीडनचे माल्मो बंदर व हे बंदर यांचा कारभार २००१ पासून एकत्र चालतो. दोन राष्ट्रांची बंदरे एका कंपनीच्या हाती, आणि दोन्ही काठांना जोडणारा पूल त्याच्या आदल्याच वर्षी खुला झालेला! आणि तुम्ही ज्या पोरांकडे इतक्या तुच्छतेने पाहता, ती ज्या पाण्यात सूर मारतात ते पाणी नव्वदच्या दशकापर्यंत बोट बुडवण्याच्या लायकीचे नव्हते. शहराचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहत असे. जोराची सर आली की नळ ओसंडून सारी घाण बंदरात. नगरपालिकेने जमिनीखाली साठवणीच्या टाक्या बांधल्या, बंदरात उघडणारी तोंडे एकामागून एक बंद केली, आणि २००२ साली तेथे पोहण्याचा पहिला सार्वजनिक घाट उघडला. राजधानीच्या ऐन मध्यभागी, कचेरी सुटल्यावर, माणूस कपडे काढून समुद्रात उतरतो. आपल्या बंदराच्या पाण्याविषयी असे बोलण्याची छाती आपणांपैकी कोणाला आहे?

नाना : पाणी स्वच्छ केले ते उत्तमच, मी काही घाणीचा कैवारी नाही. माझे म्हणणे निराळे आहे. हे शहर मालावर कधी जगलेच नाही, ते जागेवर जगले. माल दुसऱ्याचा, गलबत दुसऱ्याचे, जोखीम दुसऱ्याची. हे फक्त दारात बसलेले. आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलाची वाट अडवून बहीण दारात उभी राहते आणि ओवाळणी पदरात पडल्यावाचून बाजूला होत नाही, तसा हा प्रकार. मात्र या बहिणीच्या हाती तोफा होत्या.

येथे नाना खुलतात. जकातीचा विषय निघाला की त्यांच्या आवाजात एक प्रकारचे व्यावसायिक वात्सल्य येते, आणि ज्या व्यवस्थेची ते निंदा करावयास निघालेले असतात तिचीच वाखाणणी करू लागतात.

नाना : पण कारभार पाहा! १४२९ साली एरिक राजाने ही जकात बसवली तेव्हा ती गलबतामागे ठराविक नाणे अशी होती. पुढे मालाच्या किमतीवर बसू लागली. आता मालाची किंमत ठरवायची कोणी? आमच्या खात्यात याच प्रश्नावर माणसे म्हातारी झाली. डेनिश राजाने एका ओळीत निकाल लावला. कप्तानाने किंमत आपल्या तोंडाने सांगावी, तीवर जकात घ्यावी. मात्र राजाच्या मनास आले तर त्याच किमतीला सबंध माल सरकारजमा करून घेण्याचा हक्क राजाचा. किंमत कमी सांगितली तर माल जातो, अधिक सांगितली तर जकात वाढते. तपासनीस नको, पंचनामा नको, खोके फोडणे नको. लबाडाच्या लोभालाच पहाऱ्यावर बसवले. इतके सुबक कलम मी आमच्या कोणत्याही कायद्यात पाहिले नाही.

भाऊसाहेब : आणि त्या सुबक कलमाचा पैसा गेला कोठे? राज्याच्या खजिन्यात नव्हे, राजाच्या खासगीत. सरदारांच्या मंडळाला न विचारता राजाने लढाया कराव्यात, इमारती बांधाव्यात, यासाठीच तो उपयोगी पडला. चौथ्या क्रिस्तियान राजाचेच पाहा. राज्यपद १५८८ ते १६४८, साठ वर्षांचे. त्याने शेअरबाजाराची ती लांबलचक इमारत उभारली, जिच्या शिखरावर चार मगरींची की ड्रॅगनांची शेपटे एकमेकांत पिळून छप्पन मीटर उंचीचा मनोरा केला होता. वर्तुळाकार मनोरा बांधून त्यावर वेधशाळा बसवली, आरमाराच्या खलाशांसाठी पिवळ्या घरांच्या चाळी बांधल्या, आणि खाडीत भर घालून हॉलंडच्या धर्तीवर क्रिस्तियान्सहाउन हे कालव्यांचे उपनगर वसवले. हा सारा त्याचा मोठेपणा. पण याच राजाने जर्मनीतील धर्मयुद्धात हात घालून पराभव ओढवून घेतला, मग खजिना भरण्यासाठी सामुद्रधुनीची जकात वाढवली, आणि चिडलेले डच व्यापारी स्वीडनच्या बाजूला गेले. १६५८ च्या तहात तर समोरचा किनाराच स्वीडनकडे गेला. ज्या दाराची जकात घ्यायची त्या दाराची एक चौकट शेजाऱ्याची झाली.

नाना : तरी जकात आणखी दोनशे वर्षे चालली! ही गोष्ट विसरू नका.

भाऊसाहेब : चालली, कारण डच आणि इंग्रज यांनाही दोन्ही काठ एकाच राजाच्या हाती नको होते. दुर्बळ झालेला जकातदार सर्वांनाच सोयीचा असतो. पण मला तुमच्या मूळ सिद्धान्ताचीच शंका आहे. हे शहर नुसते दारात बसले असते तर त्याची माणसे आपल्या मुलखापर्यंत आली नसती. १६१६ साली ईस्ट इंडिया कंपनी काढली, आणि १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून तरंगंबाडी हे किनाऱ्यावरचे गाव मिळवले. पुढे तंजावर भोसल्यांच्या हाती आले, आणि ओरेसुंडवर जगाकडून जकात घेणारे हे डेनिश लोक कावेरीच्या मुखाजवळ मराठी राजांना वार्षिक खंड आणि नजराणे भरू लागले.

नाना : हे मला ठाऊक आहे, आणि इतिहासातली ही एक गोष्ट मला मनापासून आवडते.

भाऊसाहेब : मग दुसरीही आवडेल. मराठी भाषेचे एक आरंभीचे छापील व्याकरण १८०५ साली विल्यम केरीने बंगालमधील सेरामपूरला छापले. सेरामपूरलाच का? इंग्रज कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, आणि सेरामपूर डेनिश राजाचे होते. केरी आणि त्याचे सहकारी तेथे १८०० पासून डेनिश निशाणाच्या आश्रयाने राहिले. म्हणजे आपल्या भाषेच्या मुद्रणाच्या इतिहासात कोपनहेगनच्या राजाचा, अगदी नकळत का होईना, हात आहे.

नाना : नकळत हे खरे. तुम्ही मात्र जे कळून-सवरून केले ते गाळता. आमालियनबोर्गच्या चौकात पाचव्या फ्रेडरिक राजाचा अश्वारूढ पुतळा आहे; फ्रेंच शिल्पकार साली याचे ते अप्रतिम काम. पैसा कोणाचा? आशियाटिक कंपनीचा. म्हणजे आपला आणि चीनचा. तेथून पाण्याच्या कडेने चालत गेलो की वेस्ट इंडियन वखार लागते. सांक्त क्रुआ बेट १७३३ साली फ्रान्सकडून विकत घेतले, आफ्रिकेतून माणसे नेऊन तेथे ऊस लावला, आणि ती साखर या वखारीत उतरली. डेनिश गलबतांनी लाखभर माणसे अशी वाहून नेली. इतिहासाची पुस्तके सांगतात की गुलामांचा व्यापार बंद करण्याचा हुकूम काढणाऱ्यांत डेन्मार्क अग्रेसर, १७९२ साली. पण तो अमलात आला १८०३ मध्ये, कारण मधल्या दहा वर्षांत मळेवाल्यांना पुरेशी माणसे भरून घेता यावीत. हा हुकूम कोणा संताने काढला नव्हता, भाऊसाहेब. तो आमच्यासारख्या एखाद्या कारकुनाने, मुदत घालून, बेतला होता. आणि व्यापार थांबला तरी बेटांवरील गुलामगिरी १८४८ पर्यंत राहिलीच.

भाऊसाहेब काही वेळ बोलले नाहीत. पुढे ते म्हणाले की, १८७८ साली त्या बेटांवर मजुरांचा जो उठाव झाला त्याच्या नायिकांपैकी मेरी थॉमस हिचा भव्य पुतळा २०१८ साली त्याच वखारीसमोर उभारण्यात आला, आणि तो करणाऱ्या दोघी कलावतींपैकी एक त्या बेटांवरील व दुसरी डेन्मार्कमधील होती. नानांनी मान डोलावली. पण बेटे मात्र १९१७ सालीच अडीच कोटी डॉलरना अमेरिकेला विकून झाली होती, एवढी नोंद त्यांनी केलीच.

संभाषण मग १८०७ कडे वळले, आणि येथे दोघांचा सूर काही काळ एक झाला. त्या साली डेन्मार्क तटस्थ होते. नेपोलियन त्यांचे आरमार बळकावील या भीतीने इंग्रजांनीच ते आधी बळकावले, आणि त्यासाठी सप्टेंबरच्या २ ते ५ तारखांदरम्यान राजधानीवर गोळे व अग्निबाण यांचा वर्षाव करून तिचा मोठा भाग जाळून टाकला. त्या मोहिमेत क्योगे येथे डेनिश फौजेचा मोड करणारा सेनापती आर्थर वेलस्ली होता. चारच वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, असईच्या मैदानावर शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा ज्याने पराभव केला तोच हा. वॉटर्लूच्या रणात तो ज्या घोड्यावर स्वार होता त्या घोड्याचे नाव कोपनहेगन. एखाद्या राजधानीच्या नावाने विजेत्याने घोडा बाळगावा याचे नानांना वैषम्य वाटते. असईच्या नावाने त्याने काही बाळगले नाही हे आपले सुदैव, असे भाऊसाहेब म्हणाले. १८०७ नंतर सहा वर्षांत डेनिश राज्याचे दिवाळे निघाले, त्याच्या पुढच्या वर्षी नॉर्वे गेले.

भाऊसाहेब : आता तुमच्या जकातीचा शेवट ऐका. अमेरिकेने १८५५ मध्ये सांगितले की आमची जहाजे यापुढे हा कर देणार नाहीत. दोन वर्षांत सर्व राष्ट्रांची परिषद भरली, आणि तीन कोटी पस्तीस लाख रिग्सडालर एकरकमी घेऊन डेन्मार्कने तो हक्क कायमचा सोडला. दार उघडे झाले. त्यानंतर या शहराला स्वतःच्या कर्तबगारीवर जगावे लागले, आणि ते जगले. हॅम्बर्ग मुक्त बंदर झाले, कीलचा कालवा खणला जाऊ लागला, बाल्टिकचा व्यापार कोपनहेगनला वळसा घालून जाणार हे दिसले, तेव्हा त्यांनी कालवा खुला होण्याच्या आदल्या वर्षी, १८९४ मध्ये, आपले मुक्त बंदर उघडले. ज्या शहराने चार शतके प्रत्येक बोजावर जकात घेतली त्याने जकातीवाचून माल ठेवण्याची सोय केली!

नाना : आणि जहाजेही बांधली, ते सांगा. त्याविषयी मला आदर आहे.

भाऊसाहेब : बुर्माइस्टर आणि वाइन यांच्या गोदीत बांधलेले ‘सेलांडिया’ १९१२ साली बँकॉकच्या प्रवासाला निघाले, महासागर ओलांडणाऱ्या पहिल्यावहिल्या डिझेल जहाजांत त्याची गणना होते. त्याला धुराडेच नव्हते, धूर डोलकाठीतून बाहेर पडे. लंडनला ते थांबले तेव्हा इंग्लंडच्या आरमाराचे मंत्री चर्चिल स्वतः पाहावयास आले. एका शतकापूर्वी ज्यांनी यांचे आरमार पळवले, ते आता यांची यंत्रे पाहून थक्क झाले.

नाना : ती गोदी १९९६ साली बंद पडली. तिच्या ओसाड कारखान्यांत आज उपाहारगृहे, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या आणि जुन्या वस्तूंचा बाजार आहे. हजारो हातांचे काम गेले, आणि त्याआधीच शहर इतके कफल्लक झाले होते की नव्वदच्या आरंभी ते दिवाळखोरीच्या काठावर आले. मग त्यांनी काय शोधले ते तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवत होतात, मी कशाला सांगू? बंदराची रिकामी जमीन आणि विमानतळाच्या बाजूची मोकळी जमीन एका कंपनीच्या हवाली केली. कंपनीने कर्ज काढून भुयारी रेल्वे बांधायची, रेल्वे आली की जमिनीचा भाव चढणार, आणि त्या चढ्या भावाने जमीन विकून कर्ज फेडायचे. यात कारखाना आहे? माल आहे? तीच जुनी गोष्ट आहे. पाण्याकाठची मोक्याची जागा ताब्यात ठेवली आहे, आणि जो तेथे येईल त्याच्याकडून वसुली चालू आहे. पूर्वी गलबताचा कप्तान देत असे, आता सदनिका घेणारे तरुण जोडपे देते.

माझ्या मते हा नानांचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि भाऊसाहेबांनीही तो तुच्छतेने उडवून लावला नाही.

भाऊसाहेब : वसुली आहे, हे मी नाकारत नाही. पण वसुलीचा विनियोग निराळा आहे. भुयारी रेल्वेची पहिली मार्गिका २००२ मध्ये सुरू झाली, शहराला वळसा घालणारी २०१९ मध्ये, नोर्डहाउनपर्यंतची त्याच्या पुढच्या वर्षी. रेल्वेमुळे जमिनीचा जो भाव वाढतो तो जमीनदाराने काही न करता मिळवलेला असतो. मुंबईत तो कोणाच्या खिशात जातो ते तुम्हांला मी सांगायला नको. येथे तो सार्वजनिक खजिन्यात परत येतो. क्रिस्तियान राजाच्या खासगीत आणि या व्यवस्थेत काही अंतर तुम्ही मानाल की नाही?

नाना : अंतर मानतो. परिणामही मोजतो. कर्ज फेडायचे म्हणून जमीन महागच विकली पाहिजे. महाग जमिनीवर महाग घरे. आणि गोदीतल्या कामगाराचा नातू त्या काठावर राहू शकत नाही. तो पोहायला येतो, हे खरे. पोहून झाल्यावर त्याला घरी परत दूर जावे लागते.

भाऊसाहेब : स्वस्त घरांचा वाटा ठेवण्याचा कायदा आहे.

नाना : वाटा आहे. काठ नाही. आणि जमीन संपत आली तर हे लोक नवी जमीन करतात! लिनेटहोल्म नावाचे बेट बंदराच्या तोंडाशी भर घालून उभे करण्याचा कायदा २०२१ साली झाला. पस्तीस हजार लोकांची घरे तेथे होणार म्हणतात. भर कशाची? शहरात जेथे जेथे पाया खणतात त्या मातीची. आणि ती माती आणून टाकणाऱ्या ठेकेदाराकडून कंपनी दर घेते. भाऊसाहेब, जगात मातीवर जकात बसवून त्या मातीचीच जमीन विकणारे दुसरे बंदर मला दाखवा. चौथा क्रिस्तियान असता तर त्याने या कारकुनाला सरदारकी दिली असती.

भाऊसाहेब : (हसून) ते बेट समुद्राच्या भरतीलाटांपासून शहराचे रक्षणही करणार आहे. २०११ च्या जुलैत दोन-तीन तासांच्या पावसाने अर्धे शहर पाण्याखाली गेले ते त्यांनी पाहिले आहे. वरून आलेल्या पाण्याचा बंदोबस्त केला, आता बाजूने येणाऱ्याचा करायचा.

नाना : आणि समुद्रतळाचा उपसलेला गाळ नेऊन टाकला क्योगेच्या उपसागरात, म्हणून स्वीडनने तक्रार केली. वेलस्लीनंतर क्योगेचे नाव पुन्हा ऐकू आले ते असे.

यापुढे भाऊसाहेबांनी ऑक्टोबर १९४३ ची आठवण काढली. जर्मन अंमलात ज्यू नागरिकांची धरपकड होणार हे कळताच सात हजारांहून अधिक माणसे काही आठवड्यांत, बहुतेक मासेमारीच्या होड्यांतून, हीच सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला पोचली. नानांनी ते सारे ऐकून घेतले, आणि कोळ्यांनी त्यासाठी भाडे घेतले होते व तेही पुष्कळ, हे सांगण्याचा मोह त्यांना आवरला नाही. त्यावर भाऊसाहेब प्रथमच थोडे रागावले. होडी जप्त झाली तर उपजीविका गेली, पकडले गेले तर तुरुंग, अशा रात्री भाडे घेणे आणि हेल्सिंगोरच्या क्रोनबोर्ग किल्ल्यावरील तोफेआडून जकात घेणे यांत फरक न दिसणारा मनुष्य फार वर्षे जकात खात्यात राहिला असला पाहिजे, असे ते म्हणाले. आणि ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांचे भाडे इतरांनी वर्गणी करून भरले, हेही त्यांनी ऐकवले. नानांनी हे कबूल केले. मला वाटते, त्या दिवशी त्यांनी मनापासून कबूल केलेली ही एकच गोष्ट.

भाऊसाहेब : तुमच्या जकातीची एक गोष्ट मात्र मला अमोल वाटते. १४९७ पासूनच्या वह्या आजही शाबूत आहेत, अठरा लाखांच्या आसपास जहाजांच्या नोंदी. कप्तानाचे नाव, त्याचे गाव, मीठ किती, मद्य किती, धान्य किती. डच अभ्यासकांनी त्या साऱ्या उतरवून काढल्या, आता कोणीही घरबसल्या पाहावे. लोकांना लुबाडून इतका प्रामाणिक हिशेब ठेवणारे राज्य दुसरे झाले नसेल.

नाना : पाहिल्या आहेत. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाला मी नमस्कार करतो. पण त्या वहीत देणाऱ्याचे नाव आहे. नोर्डहाउनमध्ये जो तीस वर्षे कर्जाचे हप्ते भरील, त्या हप्त्यात रेल्वेचा हिस्सा किती आणि लिनेटहोल्मच्या मातीचा किती, हे कोणती वही सांगेल?

भाऊसाहेब : कंपनीचे वार्षिक हिशेब प्रसिद्ध होतात.

नाना : त्यात जमीन किती चौरस मीटर विकली ते असते. घेणाऱ्याने ती कशी फेडली, ते नसते.

भाऊसाहेब : तर मग तुम्हीच ती वही घाला, नाना. पुढच्या उन्हाळ्यात मुलीच्या इमारतीपासून सुरुवात करा. दर महिन्याला हप्ता किती जातो ते ती तुम्हांला सांगेल, मला आजवर सांगितलेले नाही.